समोरच्या काचेचा टवका: थांबावे की भरावे?

मोटारीच्या समोरच्या काचेवर गिट्टीचा खडा आदळला की बहुतेक वेळा काच फुटत नाही, तिचा टवका उडतो. तो पाच-सात मिलिमीटरचा असतो, गाडी चालवताना फारसा आड येत नाही आणि म्हणून विसरला जातो. पुढे आठवड्याने, सहा महिन्यांनी किंवा एखाद्या दुपारी अवचित त्याच जागेतून हातभर तडा धावतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत त्याला लागणारे सगळे काही एकाच रस्त्यावर भेटते: बेसॉल्टची कठीण गिट्टी, वेगाची वाहतूक, मे महिन्याचे ऊन आणि त्या तापल्या काचेवर पडणारा मृगाचा पहिला पाऊस.

या टवक्याबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. गाड्या भाड्याने चालवणारा मालक म्हणतो, टवक्याने काही होत नाही, फुटेल तेव्हा काच बदलू. काच बसवणारा कारागीर म्हणतो, टवका ताजा आहे तोवर भरून घ्या. खाली ही दोन्ही मते त्यांच्या बोलीतच मांडली आहेत. मालक वयाने मोठा आहे, त्यामुळे कारागीर त्याला काका म्हणतो.

मालक: भाऊ, टवका पडला म्हनून लगेच पैसे घालाचे काय? माह्या दुसऱ्या गाडीले दोन वर्सांपासून टवका हाय. जसा होता तसाच हाय.

कारागीर: तसाच राहू शकते, काका. पन तो कुठं हाय अन् कसा हाय, हे पायल्याबिगर कोनी सांगू नाई शकत. त्याले पाय फुटले हायेत का?

मालक: पाय गिय नाई. नुसता खड्डा हाय. नख अडकते तिथं.

कारागीर: मंग तुमचं म्हननं त्या टवक्यापुरतं खरं हाय. साऱ्याच टवक्यांपुरतं नाई.

‘पाय’ म्हणजे टवक्याच्या मध्यापासून बाहेर गेलेल्या बारीक चिरा. त्यांचे महत्त्व कळायला काचेची रचना पाहावी लागते. मोटारीची समोरची काच एकसंध नसते. साधारण दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लास्टिकचा सुमारे पाऊण मिलिमीटरचा पडदा दाबून बसवलेला असतो. अशी थरांची काच फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तुस याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० मुळे मोटारीला समोर अशीच काच लागते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुधा तापवून कडक केलेल्या असतात. त्यांना टवका बसत नाही. फुटल्या तर एकदम चुरा होतो, आणि त्या चुऱ्याची दुरुस्ती नसते. दुरुस्तीचा प्रश्न फक्त समोरच्या काचेपुरता उरतो. तिथे खडा बाहेरच्या काचेला मोडतो, प्लास्टिकचा पडदा चीर अडवतो आणि आतली काच शाबूत राहते. आतून नख फिरवले तर काहीच लागत नाही. आतूनही नख अडकत असेल तर चीर दोन्ही थरांत गेलेली असते, आणि मग भरण्याचा विचार सोडावा.

गोल, कठीण वस्तू काचेवर आदळली की स्पर्शाच्या कडेने वर्तुळाकार चीर पडते आणि खाली जाताना शंकूसारखी रुंद होते. दोन गोलाकार पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेल्यावर काय घडते, याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख हर्ट्झ याने १८८०च्या दशकात मांडले; या शंकूला आजही त्याचेच नाव आहे. वरून पाहिले तर काचेत काळसर गोल दिसतो. हा प्रकार त्यातल्या त्यात शांत. पण क्रशरमधून निघालेली गिट्टी गोल नसते. तिच्या धारेचा मार बसला की गोलाबरोबर किंवा गोलाऐवजी चार-पाच पाय फुटतात, आणि पुढचे सगळे त्या पायांच्या टोकांवर ठरते.

मालक: अन् आता तं रस्ता नवा झाला. पह्यले खड्डे होते, गिट्टी उडे. आता कायची उडते?

कारागीर: रस्ता चांगला झाला, पन त्याच्यानं वेगही वाढला नं, काका.

कारागिराचे म्हणणे पटण्याजोगे आहे. अमरावती–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा, पूर्वीचा महामार्ग ६. कामाच्या रखडपट्टीसाठी तो वऱ्हाडात बरीच वर्षे बदनाम होता. २०२२ साली याच पट्ट्यात लोणी ते माना या दरम्यान ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरीकरण सुरू झाले आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता ७५ किलोमीटरची एक मार्गिका पूर्ण झाली. १०५ तास ३३ मिनिटांचे हे काम राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने केले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधला होता: दहा दिवसांत सव्वापंचवीस किलोमीटर. मृग लागायच्या तोंडावर डांबर टाकून मोकळे होण्याची ही घाई शेतकऱ्यालाही समजेल अशीच होती.

रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे खडे संपले, असे मात्र होत नाही. टिप्परमधून सांडलेली गिट्टी, जोडरस्त्यांवरून टायरला चिकटून आलेला मुरूम, ट्रकच्या जोडचाकांत अडकून वेगात बाहेर फेकला जाणारा दगड, हे सगळे चालूच असते. बदलतो तो आघात. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा ग्रॅमचा खडा ताशी ५० किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने काचेला लागला तर सुमारे एक ज्यूल ऊर्जा घेऊन येतो. ताशी १०० ने लागला तर जवळजवळ चार. खड्ड्यांच्या रस्त्यावर जी गिट्टी काचेवर टक्कन वाजून जायची, तीच आता टवका पाडते. यावरचा उपाय बिनपैशाचा आहे: गिट्टीने भरलेल्या टिप्परच्या मागे चिकटून गाडी चालवू नये.

मालक: बरं, पडला टवका. दगड लागून गेला, मार संपला. मंग नंतर तडा कायले वाढते? काचेले थोडीच जीव हाय?

हा सगळ्या वादातला नेमका प्रश्न आहे. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने गणिताने दाखवले की ताणलेल्या पत्र्याला भोक असेल तर ताण त्या भोकाच्या टोकाशी गोळा होतो, आणि टोक जितके अणकुचीदार तितका तो वाढतो. ए. ए. ग्रिफिथ याने १९२०-२१ मध्ये हाच विचार काचेला लावला. हिशेबाने काच जितकी मजबूत असायला हवी, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या ताणालाही ती प्रत्यक्षात का मोडते, हे त्याला शोधायचे होते. उत्तर निघाले ते असे: काचेवर डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतातच आणि मोडण्याची सुरुवात त्यांच्यापासून होते. लोखंडात चिरेच्या टोकाशी धातू थोडा वाकतो आणि टोक बोथट होते. काच वाकत नाही. तिची चीर अखेरपर्यंत धारदार राहते. म्हणून टवका म्हणजे मोडून संपलेली जागा नव्हे. पुढे मोडण्यासाठी तयार झालेली जागा आहे.

त्यात पाणी भर घालते, आणि इथे मालकाच्या दोन वर्षांचा उलगडाही होतो. काचेचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांचा. चिरेच्या टोकाशी हे बंध आधीच ताणलेले असतात. हवेतल्या बाष्पाचा एखादा रेणू तिथे पोहोचला की ताणलेला बंध तोडतो आणि दोन्ही टोकांना स्वतःचे तुकडे जोडतो. चीर एका बंधाने पुढे सरकते. अमेरिकेतल्या शेल्डन वीडरहॉर्न याने १९६७ मध्ये काचपट्ट्यांवरच्या चिरा वेगवेगळ्या दमटपणात मोजल्या. हवा जितकी ओली तितकी चीर जास्त वेगाने वाढली. ताण कमी असेल तर ही चाल इतकी मंद असते की महिनोन्‌महिने फरक दिसू नये, आणि एका मर्यादेखाली ती जवळपास थांबते. मालकाचा पाय न फुटलेला टवका बहुधा त्या मर्यादेखालचा आहे. पण पाय फुटलेली चीर सरकत सरकत पुरेशी लांब झाली की नेहमीचाच ताण तिला पुरेसा होतो. मग ती सरकत नाही, धावते. काचेत धावत्या तड्याचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जातो. बघणाऱ्याला वाटते, काच उगीच फुटली.

उरला तो ताण. तो कुठून येतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. अकोल्यात मे २०२० मध्ये पारा ४७.४ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचे कलम १४४ लावले होते. अशा दुपारी उघड्यावर उभ्या गाडीची काच साठ अंशांच्या पुढे तापू शकते. मात्र नुसत्या तापण्याने काच मोडत नाही. सगळी काच सारखी तापली तर सारखीच फुगते. मोडते ती एक भाग तापलेला आणि शेजारचा थंड असला म्हणजे. थंड भाग आकसू पाहतो, गरम भाग त्याला आकसू देत नाही, आणि थंड भागात ताण बसतो. पूर्ण जखडलेल्या काचेत एका अंशाच्या फरकाला हा ताण सुमारे ०.६ मेगापास्कल होतो. साठ अंशांच्या काचेवर तीस अंशांचे पाणी पडले तर वरच्या पृष्ठभागात तो अठरा-एकोणीस मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतो. साध्या काचेच्या चिवटपणाशी हा आकडा ताडून पाहिला तर एखाद्या मिलिमीटरची चीरसुद्धा तेवढ्यावर धावू शकते. टवक्याचे पाय त्याहून लांब असतात.

मालक: म्हंजे एसी लावला तं काच फुटन?

कारागीर: उन्हात तापलेल्या काचेवर एसीची हवा एकदम फुल्ल सोडली तं भेव हाय. पन त्याहून जास्त भेव पान्याचं. तापल्या गाडीवर बादलीभर पानी मारते लोक. अन् मंग मृगाचा पह्यला सडाका येते.

दोन्ही गोष्टींत कारागीर बरोबर आहे, क्रमही त्याने बरोबर लावला आहे. टवका बाहेरच्या थरात असतो. बाहेरून पाणी पडले की ताण थेट तिथेच बसतो. एसीचा झोत आतून येतो. तो काचेचा एक पट्टा थंड करतो आणि टवका त्या पट्ट्यात असेल तरच धोका मोठा. हिवाळ्यात खेळ उलटतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या पहाटे तिथल्या घाटात काचेवरचे धुके घालवायला आतून गरम हवा सोडली की बाहेरचा गार थर ताणला जातो, आणि टवका असतो तो त्याच थरात. कडेचा टवका मात्र बारा महिने वाईट. उन्हात काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दबलेली कड तुलनेने थंड राहते आणि ताण कडेला बसतो. कापताना राहिलेल्या बारीक खाचा तिथे आधीच असतात. शिवाय खड्डे, गतिरोधक आणि सगळ्या काचा बंद ठेवून आपटलेले दार हे धक्के आहेतच. समोरची काच चौकटीला चिकटवलेली असल्यामुळे गाडीचा सांगाडा पिळला की तीही थोडी पिळली जाते.

मालक: भरून बी डाग तं राह्यतेच नं? मंग फायदा काय? त्याच्यापेक्षा फेविक्विकचा थेंब टाकला तं दहा रुपयांत काम होते.

डाग राहतो, हे खरे आहे, आणि कारागिराने ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवे. टवका भरण्याचा हेतू तो नाहीसा करणे हा नसून चिरेची टोके बंद करणे हा असतो. ही पद्धत अमेरिकेत १९७०च्या दशकात रुळली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. गाडी सावलीत घेतात. टवक्याच्या तोंडाशी अडकलेली काचेची भुकटी सुईने काढतात. ओल असेल तर हलकी ऊब देऊन सुकवतात आणि काच पुन्हा हाताला गार लागेपर्यंत थांबतात. मग रबरी कपांनी काचेला चिकटणारी एक चौकट टवक्यावर बसवतात; तिच्या मधल्या नळीत पातळ ॲक्रिलिक रेझिनचे दोन-तीन थेंब असतात. पंप आधी चिरांतली हवा ओढून घेतो, नंतर रेझिनला आत दाबतो. या वेळी गाडीत बसून आतून पाहिले तर काम डोळ्यांदेखत होते. चिरेत हवा असते तोवर प्रत्येक पाय चंदेरी-काळा चमकतो. रेझिन पुढे सरकेल तसा तो मुळापासून टोकाकडे पुसट होत जातो. रेझिनचा अपवर्तनांक काचेच्या १.५२ च्या जवळ असल्यामुळे प्रकाशाला दोन्हींतला फरक फारसा कळत नाही. सगळे पाय दिसेनासे झाले की वर पारदर्शक फिल्म लावून अतिनील दिवा काही मिनिटे धरतात, कडक झालेले रेझिन ब्लेडने काचेच्या पातळीला खरवडतात आणि पॉलिश करतात. अर्ध्या-पाऊण तासाचे काम. झटपट गोंदाचा थेंब मात्र टोकापर्यंत पोहोचण्याआधीच तोंडाशी आळतो, आणि नंतर खरे रेझिन घालायची वाटच बुजते.

लवकर भरण्याचे कारणही यातच आहे. टवका उघडा राहिला की धूळ, वायपरने ओढलेला चिखल, काच धुण्याचा साबण आणि पाणी पायांत शिरतात. काळ्या मातीचा बारीक गाळ एकदा चिरेत बसला की सुईने निघत नाही. रेझिन काचेला न धरता त्या गाळाला धरते, आणि डागही काळा राहतो. ताज्या टवक्यात आणि दोन पावसाळे खाल्लेल्या टवक्यात कारागिराचे कसब सारखे असले तरी फळ सारखे मिळत नाही.

कारागीर: मे महिन्यात भर दुपारी कोनी आलं तं मी त्याले सकायी बोलावतो. तापल्या काचेवर रेझिन पान्यासारखं पयते अन् उन्हानं अर्ध्यातच आळते.

मालक: बरं, हे सारं मान्य. पन माह्या गाडीले इन्शुरन्स हाय. काच फुटली तं कंपनी देईन.

विम्याचा मुद्दा मालकाला वाटतो तितका सोपा नाही, कारागिराला वाटतो तितका एकतर्फीही नाही. मोटार विम्यात रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो; काचेवर घसारा लागत नाही. इथपर्यंत मालकाचा हिशेब बरोबर. पण खासगी मोटारीला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात, आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षाला २० टक्क्यांपासून सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत चढतो. पन्नास टक्क्यांवर पोहोचलेल्या माणसाने एका काचेसाठी तो घालवला तर काच फुकटात पडत नाही. टवका भरायला सहसा काही शेकडा ते हजार-दीड हजार रुपये लागतात. काच बदलायला त्याच्या कित्येक पट, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत कॅमेरा पुन्हा जुळवण्याचा खर्च वेगळा.

पैशापलीकडेही एक गोष्ट आहे. कारखान्यात चिकटवलेली काच गाडीच्या मजबुतीचा भाग असते. गाडी उलटली तर छत तोलायला तिची मदत होते, आणि अनेक गाड्यांत शेजारच्या आसनाची एअरबॅग उघडताना तिच्यावर टेकते. नव्या काचेचा पॉलियुरेथेन गोंद पुरता धरायच्या आत गाडी महामार्गावर काढली, किंवा जुना गोंद नीट न काढता काच बसवली, तर ही साथ मिळत नाही. पावसाळ्यात पाणी गळते ते आणखी निराळेच. म्हणून मूळ काच टिकवता येत असेल तर टिकवावी.

तरीही काही ठिकाणी भरण्यापेक्षा बदलणेच योग्य, आणि इथे कारागिराला मालकाकडे सरकावे लागते. ब्रिटनमध्ये चालकाच्या समोरचा २९० मिलिमीटर रुंदीचा पट्टा वेगळा धरतात. त्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा दोष खपवून घेत नाहीत, इतरत्र ४० मिलिमीटरपर्यंत चालतो. रात्री समोरच्या ट्रकचे दिवे पडले की भरलेला टवकाही चमकतो, त्यामुळे हा फरक योग्यच आहे. चालकाच्या नजरेसमोरचा मोठा टवका, कडेला पोहोचलेला तडा आणि दोन्ही थरांतली चीर यांवर रेझिनचे पैसे घालू नयेत.

मालक: मंग माह्या त्या जुन्या टवक्याचं काय?

कारागीर: तो राहू द्या, काका. नजर ठेवा. पन या गाडीचा मात्र आजच पाहू. दोन पाय हायेत अन् कडेपासून चारच बोटं हाय.

ताज्या टवक्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ आणि पाणी आत जात नाही. गाडी सावलीत ठेवावी, तापल्या काचेवर पाणी मारू नये. पाय फुटलेला किंवा कडेजवळचा टवका मृग लागायच्या आत, सकाळच्या गारव्यात भरून घ्यावा.